दाराकडची पाकळी

शनिवारी दुपारी बाबा लायब्ररीत नव्हते. लायब्ररीच्या भिंतीवर मात्र होते.

शिल्पा त्यांनाच शोधायला आली होती. डॉ. श्रीनिवास आगाशे हॉस्पिटलमधून रिटायर झाले, त्यानंतर वर्षभरात आई गेली, आणि तेव्हापासून ते रोज जेवण झालं की कोट चढवून निघत. "लायब्ररीत पेपर वाचतो गं," एवढंच सांगत. पण हल्ली ते अंधार पडल्यावर परतत, आणि तेही पुढचं दार सोडून मागच्या गल्लीतून, किचनच्या दाराने. शिल्पाने नुकतंच केंब्रिजला फिजिक्स संपवलं होतं. कारणावाचून काही घडतं हे तिला पटत नसे.

जिन्याशेजारी त्यांच्या पिनरच्या, लंडनच्या या उपनगरातल्या रस्त्यांचे फोटो लावले होते. काळेपांढरे, भर दुपारचे, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. एकाला एक चिकटलेली जुळी घरं, कडेला उभ्या गाड्या, एवढंच. फक्त चार फोटोंत एक माणूस होता. रस्ते वेगळे, घरं वेगळी, कोट तोच. पाठमोरा, कुणाच्या तरी दारासमोर, मान खाली घातलेला.

"रस्ते रिकामे नव्हते हं," शेजारी उभा असलेला म्हातारा हसून म्हणाला. हे मिस्टर व्हिटकोम, फोटो त्यांचेच. "या फोटोच्या वेळी शाळा सुटली होती! मी भिंगावर गडद काच लावतो आणि सात-आठ मिनिटं शटर उघडं ठेवतो. हलतं ते पुसलं जातं. न हलणारं तेवढं उरतं."

"आणि हा माणूस?"

"हा उरला. एकदा हाक मारली मी, पण त्याने ऐकलंच नाही. ओळखीचा आहे?"

"माझे वडील."

म्हाताऱ्याचं हसू मावळलं. पिशवीतून त्याने त्या चार फोटोंच्या छोट्या प्रती काढल्या आणि तिच्या हातात ठेवल्या.

शिल्पा एकेक फोटो हातात धरून त्या त्या दारापर्यंत चालत गेली. पहिल्या दाराशी काही नव्हतं. दुसऱ्याशीही नाही. तिसऱ्या ठिकाणी ती बाबांच्या नेमक्या जागेवर उभी राहिली आणि त्यांच्यासारखीच मान खाली घातली. समोर लाल टाइल्सची पायरी. स्वच्छ, रिकामी. अशीच पायरी त्यांच्या घरालाही होती, या भागात शेकडो घरांना होती. वरच्या खिडकीतला पडदा किंचित सरकला, तशी ती घाईने निघाली.

चौथ्या फोटोतला माणूस अजून तिथेच उभा होता.

क्षणभर तिने हातातला फोटो पाहिला, मग समोर. कोटाची चुणीसुद्धा तीच. आतून एक बाई काचेवर टकटक करत होती, तिच्या हातात फोनचा रिसीव्हर होता.

"बाबा, चला घरी."

"हे आपलं नाही," ते शांतपणे म्हणाले. "रांगोळी कुठाय इथे?"

शिल्पाने खिडकीतल्या बाईला हात जोडले आणि बाबांना दंडाला धरून घरी आणलं. पण स्वतःच्या दाराशी येताच ते थबकले.

"हेही नाही."

"अहो बाबा, किल्ली लागते बघा!" तिने दार उघडलं. आत त्यांचीच छत्री, त्यांचाच मफलर. ते दचकून मागे सरले.

"भलत्याच्या घरात काय शिरतेस? चल इथून. संध्याकाळी मागून फोडणीचा वास आला की कळतं मला आपलं कुठलं ते."

आईने पुण्याहून आणलेली रांगोळी सिंकखाली हॉर्लिक्सच्या बरणीत होती. रविवारी सकाळी शिल्पाने पायरीवर आई रोज काढायची तसं कमळ काढलं. शाळेत जाताना वर्षानुवर्षं ती ते ओलांडून गेली होती. पण ओलांडलेलं सगळं पाहिलेलं असतंच असं नाही. बाबांना फिरवून आणून तिने पायरीसमोर उभं केलं. ते वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"सुरेख काढलीय," ते परक्या घरी बोलावं तसं म्हणाले. "पण आमच्या मधूची नाही." आणि चालू लागले. कोपऱ्यावर तिने त्यांना गाठलं, तेव्हा ते पुढच्या रस्त्याच्या पायऱ्या निरखत होते. असेच एक दिवस ते कुठल्या कुठे जातील.

सोमवारी ती व्हिटकोमांच्या स्टुडिओत गेली. तिथे आगाशेंच्या घराच्या रस्त्याचा पाच वर्षांपूर्वीचा एक फोटो निघाला. भिंगाखाली पायरी मोठी झाली. तिच्यावर कमळ होतं आणि कमळावर धुरकट डाग.

"इथे एक बाई वाकलेली होती," व्हिटकोम म्हणाले. "मला वाटलं पायरी पुसतेय."

आई हलत होती, म्हणून पुसली गेली होती. रांगोळी उरली होती. शिल्पा भिंगावर आणखी वाकली. सगळ्या रेषा सारख्या पांढऱ्या नव्हत्या. आधी काढलेल्या ठळक, नंतरच्या फिक्या. आईचा हात कुठून कुठे फिरला, ते तिथे क्रमाने उमटलं होतं. दाराकडच्या पाकळीला मात्र टोकच नव्हतं. आईने ती उघडी ठेवली होती, की त्याआधीच शटर मिटलं? मिटलेली पाकळी रविवारी काढून पाहिली होती. उघडी काढून पाहायची राहिली होती.

मंगळवारी तिने कामावर रजा टाकली. बाबा बाहेर पडल्यावर त्याच क्रमाने रेषा ओढल्या. चौथ्या रेषेपासून तिला फोटोकडे बघावं लागलं नाही. बोटं पुढची जागा आधीच गाठत होती. शेवटची पाकळी तिने उघडी सोडली. स्वयंपाक केला नाही, मागचं दार बंद केलं, फोडणीचा वास कुठेच नको. पुढचं दार उघडं टाकून ती पॅसेजमध्ये उभी राहिली.

बाबा आले. पायरीशी थांबले, मान खाली. मागून शाळेची मुलं गेली, पोस्टाची गाडी गेली. ते हलले नाहीत. मग उघड्या पाकळीवरून जपून पाय टाकत ते आत आले, कोट खुंटीला लावला आणि बूट काढून रोजच्या जागी ठेवले.

"पुसली नाही बरं का पाकळी," ते तिच्याकडे बघून हसले. असं हसू तिने वर्षभरात पाहिलं नव्हतं. "मधू, चहा टाक. केवढी शोधाशोध झाली आज!"

शिल्पाने 'बाबा' म्हणायला तोंड उघडलं. दाराबाहेर तशीच दिसणारी घरं, तशाच लाल पायऱ्या, दूरपर्यंत.

"आणि शिल्पा कुठाय?" त्यांनी विचारलं. "शाळा सुटली की केव्हाच."

"येईलच आता," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.