वजा करायचे नऊ अंश

बोलतेय ती मी, करंगळीच्या दोन पेरांएवढी उरलेली एक शिसपेन्सिल. हसू नका. एके काळी मी चांगली वीतभर होते आणि माझ्या टोकावर चार माणसांचे प्राण होते.

कारखान्यातून मी हवाई दलाच्या कोठारात आले. तिथून मला एका उंच, अबोल तरुणाने उचललं. बॉम्बफेकी विमानात नकाशा मांडून वाट सांगायची, हे त्याचं काम. सोबतचे त्याला नकाशेवाला म्हणत. विमान चालवणारा तो दादा. वयाने मोठा म्हणून नव्हे, जेवताना सगळ्यांना वाढून मग स्वतः बसायचा म्हणून. शिवाय एक तोफवाला आणि एक रेडिओवाला. नकाशेवाला दर उड्डाणाआधी मला दोन्हीकडून तासायचा. एक टोक मोडलं तर दुसरं हाताशी असावं.

त्या दुपारी बॉम्ब टाकून आम्ही परत फिरलो. खाली काय झालं ते मी पाहिलं नाही, माझं तोंड कागदाकडे होतं. ढगांमुळे जमीन दिसेना, म्हणजे सगळी भिस्त गणितावर. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून जराशी सरकलेली असते. त्या भागात तो फरक नऊ अंशांचा होता आणि तो वजा करायचा होता. नकाशेवाल्याने मिळवला. सात तास ताणलेलं डोकं, थंडीने बधिर झालेली बोटं. अधिकचं चिन्ह उमटलं ते माझ्याच तोंडून.

"दादा, ही दिशा धर," तो म्हणाला.

"धरली," दादा म्हणाला. त्याने कधी उलट विचारलं नाही.

ढग फाटले तेव्हा खाली आपला किनारा नव्हता, शत्रूचं शहर होतं. तोफांनी एक पंख पेटवला. दादाने विमान कसंबसं सरळ धरलं, तेवढ्यात तिघांनी उड्या टाकल्या. तीनच छत्र्या उघडल्या. छत्रीला लटकत खाली येताना नकाशेवाल्याने ते गणित मनात पुन्हा केलं आणि मोठ्याने म्हणाला, "वजा!" नकाशा विमानाबरोबर जळाला. चूक ठाऊक असलेले उरलो दोघेच, तो आणि त्याच्या बाहीच्या खिशातली मी.

मग तीन वर्षं कैद. काटेरी तारा, लाकडी बराकी, दिवसातून दोनदा मोजणीची रांग. तोफवाला मोठा खट्याळ. "काय रे नकाशेवाल्या, जेवणाची रांग कुठल्या दिशेला, जरा नकाशा बघून सांग!" सगळे हसत. नकाशेवालाही हसे आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राही. मला त्याची फार दया यायची.

दर महिन्याला पत्रासाठी कागद मिळे. स्वतःच्या आईला चार ओळी लिहून झाल्या की तो एका चिठोऱ्यावर सुरुवात करी, 'दादाच्या आईस, नमस्कार.' पुढे काही सुचेना. मग म्हणे, "पहारेकरी वाचतात." ते खरं होतं, पण निमित्तही होतं. मला पुन्हा तासत बसे. मी झिजले ती लिहून कमी, तासूनच जास्त.

सुटून मायदेशी परतल्यावर तिसऱ्या दिवशी तो दादाच्या आईकडे गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीशी शिवणयंत्र. दादाने पाठवलेल्या फोटोवरून बाईंनी त्याला ओळखलं आणि एकदम हात जोडले.

"बाळा, माझ्या मुलाला माफ कर. चालवणारा तोच होता ना? त्याने वाट चुकवली आणि तुम्ही पोरं तीन वर्षं सडलात. सगळे हेच म्हणतात. तुमच्या आयांना मी कुठल्या तोंडाने भेटू?"

मला वाटलं, आता नकाशेवाला पुन्हा मला तासत बसणार. पण त्याने मला काढलं, कपडे बेतायच्या कागदावर ते गणित मांडलं आणि चिन्हाभोवती गोल केला.

"दादा नाही चुकला, काकू. मी चुकलो. मी सांगितलं तिकडे त्याने नेलं."

बाईंनी कागद खिडकीपाशी उजेडात नेऊन वाचला. "तीन वर्षं मी मान खाली घालून जिना उतरले," त्या म्हणाल्या. "एक ओळ लिहवली नाही तुला?"

बाईंनी कागद परत त्याच्यापुढे सरकवला.

"खाली सही कर. आणि जा आता."

त्याने सही केली आणि मला तिथेच विसरून गेला.

तो कागद बाईंनी सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवला. दादावरचा डाग गेला. मी यंत्राच्या खणात पडले, रिळं आणि बटणांच्या संगतीत. बटणांशी काय बोलायचं? फार एकटं वाटतं. नकाशेवाल्याचं पत्र मात्र दर महिन्याला येतं. बाई पुटपुटत वाचतात, म्हणून मला कळतं. शेवटी दर वेळी लिहितो, 'उत्तराची अपेक्षा नाही.' अपेक्षा नसलेला माणूस हे दर महिन्याला लिहीत नाही.

तीनदा बाईंनी मला हातात घेतलं. 'बाळा' एवढं लिहिलं आणि थांबल्या. ते थांबणं मी चांगलं ओळखते. बाई, राग असेल तर रागच लिहा, पण लिहा. माझ्यात आता एकाच ओळीचं शिसं उरलंय.