मिस्तरी वर गेले त्या दिवशी

मित्रांनो, लिफ्ट म्हटले की तुम्हाला इमारतीतली लिफ्ट आठवते. आरसा लावलेली, माणसांना पोटात घेऊन वरखाली करणारी. ती माझी नीटनेटकी चुलत बहीण. मी त्याच घराण्यातली, पण कष्टकरी शाखेची. गॅरेजच्या मधोमध रोवलेले दोन निळे खांब आणि त्यांना फुटलेले चार लोखंडी हात, एवढाच माझा देह. गाडी आत आली की मी ते हात तिच्या पोटाखाली घालते आणि तिला माणसाच्या डोक्यावर उचलून धरते. खांब निळे म्हटले खरे, पण तो निळा रंग आता शोधावा लागतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझे खांब कापले, जोडले, रंगवले आणि शेवटी माझ्या हातांवर अवजड वजने टाकून माझी परीक्षा घेतली. मी कुरकुर न करता पास झाले. मग ट्रकमध्ये आडवी पडून मी या गॅरेजमध्ये आले.

इथले मालक म्हणजे आमचे मिस्तरी. मी येण्यापूर्वी ते जमिनीवर पाठ टेकवून गाडीखाली सरपटत जात. त्यांची पाठ कायम काळी आणि कपडे धुणाऱ्या वहिनींचे तोंड कायम चालू, असे ते दिवस होते. मी पहिली गाडी उचलली तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली. शेजारचा न्हावी तर अर्धी दाढी झालेले गिऱ्हाईक बरोबर घेऊनच आला. सगळ्यांनी माना वर करून गाडीचे पोट पाहिले आणि माझे तोंड भरून कौतुक केले. मिस्तरी रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने मला पुसत. मला वाटले, आपल्या जन्माचे सोने झाले.

पण मित्रांनो, नव्याचे नऊ दिवस. हळूहळू मला पुसणारे फडके इंजिने पुसू लागले. माझे तेल बदलायचे राहिले. माझ्या एका हातावरची रबरी गादी फाटली, तेव्हा तिच्या जागी जुन्या टायरचा तुकडा बसवला गेला. मी वर जाताना कण्हू लागले. आमचा जुना फिटर फार प्रामाणिक माणूस. तो म्हणे, “मिस्तरी, लिफ्ट रडतेय.” त्यावर मिस्तरी म्हणत, “लोखंड आहे ते. लोखंडाला काय होतंय?” लोकांच्या गाडीतली बारीकशी खरखर त्यांना रस्त्याच्या पलीकडून ऐकू येई. माझे रडणे मात्र त्यांच्या कानापर्यंत पोहोचत नसे.

आता विमामामांविषयी सांगते. ते वहिनींचे धाकटे भाऊ. मिस्तरींच्या मुलांचे मामा म्हणून सगळ्या गॅरेजचेच मामा, आणि विमा विकतात म्हणून पाठीमागे विमामामा. माणूस गोड, पण बोलायला लागला की समोरच्याला जांभया आवरत नाहीत. त्यांचे एकच म्हणणे होते. मिस्तरींनी गॅरेजचा आगीचा विमा काढला होता खरा, पण त्यात भिंती होत्या, पत्रे होते, हत्यारे होती, मीसुद्धा होते. माझ्या हातांवर असलेली गिऱ्हाइकाची गाडी मात्र त्यात नव्हती.

“गाडी गिऱ्हाइकाची, मग विमाही गिऱ्हाइकाचा!” मिस्तरी म्हणत.

“भाऊजी, गाडी तुमच्या ताब्यात असताना काही झालं तर गिऱ्हाईक तुमचीच कॉलर धरणार. त्याच्या कंपनीने पैसे दिले तरी ती कंपनी तुमच्या मागे लागेल.”

“माझ्या मागे आधीच एक जण लागलाय, तेवढा पुरे!”

मामा रोज येऊ लागले. मिस्तरी रोज लपू लागले. आधी ते टायरांच्या ढिगामागे लपत, पण त्यांचे पोट ढिगाबाहेर राही. मग त्यांना माझी आठवण झाली. गल्लीच्या तोंडाशी मामांच्या स्कूटरचा घसा बसलेला हॉर्न वाजला की मिस्तरी समोरच्या गाडीत शिरत, सीट मागे पाडून आडवे होत आणि म्हणत, “घे वर!” फिटर बटण दाबी. मामा खाली वाट पाहून, चहा पिऊन निघून जात. इतकी वर्षे इमानाने कष्ट केले आणि शेवटी मला मेहुण्यापासून लपायची जागा केले, याचे मला वाईट वाटे. पण सांगणार कोणाला?

एके दिवशी माझ्या हातांवर सिस्टरांची लाल गाडी होती. सिस्टर म्हणजे प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या नर्स. गल्लीतली निम्मी मुले त्यांच्या हातून जगात आलेली, त्यामुळे भले भले त्यांना वचकून असत. मिस्तरी तिचा खडखडणारा सायलेन्सर तपासायला घेत असतानाच तो हॉर्न वाजला. नेहमीप्रमाणे फिटरने बटण दाबले. मी कण्हत कण्हत वर गेले.

मामांनी माझ्या तोंडाशीच स्कूटर लावली आणि आत आले. “भाऊजी कुठायत?”

खोटे बोलायचे म्हटले की फिटरची जीभ जड होई. तो म्हणाला, “मिस्तरी वर गेले.”

मामांच्या हातातली बॅग खाली पडली. “काय सांगताय! कधी?”

“आत्ताच.”

“अहो, काल तर फोनवर माझ्यावर खेकसले! काही त्रास झाला का?”

“कसला त्रास? बसल्या बसल्या गेले.”

“देवा! ताईला कळवलं का?”

“त्यांना कशाला कळवायचं? हे रोजचंच आहे.”

मामा टायरवर मटकन बसले. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. “माणूस तोंडाने फटकळ, पण मनाने सोनं होता हो,” ते म्हणाले. “शेवटपर्यंत माझं एक ऐकलं नाही.”

ते ऐकून वर मिस्तरींना हसू फुटले. त्यांनी तोंडावर हात दाबला, पण पोटावर कोण हात दाबणार? ते हलले, सीट हलली, गाडी हलली. माझी तेलाची जुनी नळी इतके दिवस कशीबशी टिकून होती. तिने फस्सकन आवाज केला आणि सगळे तेल जमिनीवर ओतले.

घाबरू नका मित्रांनो. माझ्या खांबांत लोखंडी खटके असतात. तेल गेले तरी ते गाडीला धरून ठेवतात. अडचण एवढीच, की खाली यायचे तर मला आधी बोटभर वर व्हावे लागते, तेव्हाच खटके सुटतात. आणि वर व्हायला तेल लागते. थोडक्यात, मी जिथल्या तिथे अडकले.

हलताना गाडी जरा तिरकी सरकली होती, त्यामुळे मिस्तरींनी दार उघडले तर ते माझ्या खांबावर आपटले. फट पडली ती हात बाहेर काढण्यापुरती, आणि मिस्तरींचा देह वहिनींच्या हातचे खाऊन वाढलेला. खिडकीतून त्यांनी डोके बाहेर काढले. मामांनी वर पाहिले. दोघांची नजरानजर झाली.

मला वाटले, मामा आता चिडणार. पण त्यांनी डोळे पुसले, स्टूल ओढले, बॅग उघडली आणि म्हणाले, “भाऊजी, बसलाच आहात तर पहिल्यापासून सांगतो.”

मिस्तरी बटणाची काच वर करायला गेले, तर किल्ली खाली खिळ्याला लटकत होती. इलाज नव्हता. मामांनी सगळे सांगितले. गॅरेजमध्ये गिऱ्हाईक घसरून पडले तर काय, चाचणीसाठी नेलेली गाडी कोणावर आदळली तर काय, कामगाराच्या हाताला इजा झाली तर काय, आणि लिफ्टवरची गाडी पडली तर काय. शेवटचा मुद्दा सांगताना त्यांनी मध्येच वर पाहिले आणि त्यांचा आवाज जरा बारीक झाला.

तेवढ्यात सिस्टर गाडी न्यायला आल्या. “माझ्या गाडीत कोण आहे?”

“मिस्तरी,” फिटर म्हणाला.

“तिथे काय करतायत?”

“विमा ऐकतायत.”

सिस्टरांनी सांडलेले तेल पाहिले, टायरचा तुकडा लावलेला माझा हात पाहिला. “खालून सगळे बाजूला व्हा,” त्या म्हणाल्या. मग वर पाहून विचारले, “मिस्तरी, ही पडली तर?”

मामांनी हातातले कागद खाली ठेवले. सिस्टरांचा जन्मभराचा सोबती म्हणजे ती गाडी, हे सगळ्यांना ठाऊक होते. वरून मिस्तरींचा आवाज आला. त्यात नेहमीची गुर्मी नव्हती. “पडली तर मी भरून देईन, सिस्टर. कसं भरणार ते मात्र आत्ता मला माहीत नाही.”

“ते नंतर बघू. आधी तुम्ही बाहेर या.”

न्हाव्याने दुकानाची पाटी पुसायची शिडी आणली. फिटरने ती मागून लावून डिकी उघडली. मिस्तरी सीटवरून मागे सरपटत आले. डोके बाहेर आले, खांदे बाहेर आले, आणि पोटाशी सगळे अडले.

सिस्टरांनी पदर खोचला. आयुष्यभराचे काम होते ते. “घाबरायचं नाही. श्वास सोडा. सोडा! आता हात पुढे. फिटर, ओढू नका, नुसता आधार द्या. मिस्तरी, जोर लावा! शाब्बास, अजून थोडं!”

मिस्तरी लालबुंद होऊन, तेलाने माखून, आरडाओरडा करत जगात आले. “एवढं मोठं बाळ मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही,” सिस्टर म्हणाल्या. मामांनी शिडी बाजूला ओढली, सगळे मागे सरकले, आणि त्याच क्षणी टायरचा तुकडा निसटला.

मी गाडी धरायचा प्रयत्न केला. देवाशपथ सांगते, केला. पण तिचा मागचा भाग माझ्या हातांवरून घसरला आणि धाडकन मामांच्या स्कूटरवर बसला. बिचारी स्कूटर चपटी झाली, पण तिच्यामुळे गाडी वाचली. डिकीचे दार वाकले, बंपर तुटला, दिवे फुटले, तेवढ्यावर भागले.

आवाज ऐकून वहिनी धावत आल्या. मिस्तरींनी मामांना कोपऱ्यात ओढले आणि हळूच म्हणाले, “मामा, आत्ता काढ माझा विमा. कालची तारीख टाकून.”

मामांनी मान हलवली. “भाऊजी, मी तुम्हाला कंटाळा आणला असेल. खोटेपणा कधी आणला नाही. आजही आणणार नाही.”

मिस्तरींची मान खाली गेली. रोज ज्याला हसलो तो माणूस आज आपल्यापेक्षा उंच आहे, हे त्यांना कळले असावे. मग ते म्हणाले, “निदान तुझ्या स्कूटरचे पैसे तरी मिळतील तुला.”

मामा कपाळ पुसू लागले.

“काय रे?” वहिनींनी विचारले.

“ताई, तिचा विमा मागच्या महिन्यात संपला. लोकांच्या मागे फिरता फिरता आपलाच राहून गेला.”

वहिनींनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. “एकाला गावाच्या गाड्या दिसतात, दारातली लिफ्ट दिसत नाही. दुसरा गावाला छत्र्या वाटत सुटलाय आणि स्वतः भिजतोय. माझ्याच नशिबी दोन्ही दिवे!” मग त्यांनाच हसू आले. पाठोपाठ मामा हसले, मग मिस्तरी, आणि सगळ्यात शेवटी, आपल्या वाकलेल्या डिकीकडे पाहत, सिस्टर.

हसून गाडी दुरुस्त होत नाही. मिस्तरींनी स्वतःच्या खर्चाने नवे सामान आणले. घरची ठरलेली सहल त्यापायी रद्द झाली आणि मुले बापाशी आणि मामाशी बोलेनाशी झाली. सिस्टरांना कुठे जायचे असेल तिथे मिस्तरी स्वतःच्या गाडीतून नेऊन सोडत, आणि वाटेत “हळू चालवा” एवढेच ऐकत. मामा चालत येऊ लागले. आता त्यांना पाहून कोणी लपत नसे, उलट वहिनी त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवत. विम्याचे सगळे कागद वहिनींनी एकेक ओळ वाचून, उलटसुलट प्रश्न विचारून मिस्तरींपुढे ठेवले, आणि मिस्तरींनी सही केली.

सही केली म्हणून काम संपले नाही. कंपनीचा तपासनीस आला. त्याने भिंती पाहिल्या, वायरी पाहिल्या, आणि मग माझ्यासमोर उभा राहिला. “हिची तपासणी शेवटची कधी झाली?”

मिस्तरींनी फिटरकडे पाहिले. फिटर म्हणाला, “आली तेव्हा.”

“दर वर्षी तपासणी झाली पाहिजे. नाहीतर विमा मिळणार नाही.”

मित्रांनो, माझे भाग्य असे उजळले! नवी नळी आली, नवे तेल आले, चारही हातांवर नव्या रबरी गाद्या आल्या. माझे खटके साफ झाले. मिस्तरींनी माझ्याभोवती पिवळा पट्टा आखला आणि माझ्या हातांवर गाडी असताना कोणी आत बसायचे नाही, असा नियम केला. ग्रीस भरताना ते माझ्या खांबावर थोपटून पुटपुटले, “चुकलंच माझं.” लोखंडाशी बोलताना कोणी ऐकू नये म्हणून त्यांनी आधी इकडेतिकडे पाहून घेतले होते.

आता मला पुन्हा गाडी उचलून पाहायची होती. पण कोणाची? कोणीही आपली गाडी द्यायला पुढे होईना. न्हाव्याने तर आपली सायकलही आत नेऊन ठेवली. मिस्तरी स्वतःच्या गाडीची किल्ली काढत होते, तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. सिस्टर आपली लाल गाडी घेऊन सरळ माझ्या हातांमध्ये आल्या, उतरल्या आणि पिवळ्या पट्ट्याबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

“सिस्टर, अहो, तुमची कशाला?” मिस्तरी म्हणाले.

“सायलेन्सर अजून खडखडतोय. त्याच कामासाठी दिली होती ना? घ्या वर.”

मिस्तरींनी बटण दाबले. मी गाडी उचलली. कण्हणे नाही, थरथर नाही. खटके एकामागून एक बसले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

“थांबा,” सिस्टर म्हणाल्या. “खाली घ्या. माझी पर्स आत राहिली.”

मिस्तरींच्या कपाळावर घाम आला. वर जाणे सोपे होते, खरी परीक्षा खाली येण्याची होती. त्यांनी डोळे मिटून बटण दाबले. मी बोटभर वर झाले, खटके सुटले, आणि गाडी मी अशी खाली ठेवली की तिच्या टायरांनाही जमीन लागल्याचे कळले नसेल. सिस्टरांनी दार उघडून आत डोकावल्यासारखे केले, बंद केले आणि म्हणाल्या, “आता न्या वर आणि करा काम.”

मित्रांनो, तुमच्या घरीदारीही कोणी ना कोणी रोजचा भार मुकाट्याने उचलत असेल. कधी ते यंत्र असेल, कधी माणूस. त्याचे कण्हणे कानावर आले तर ‘त्याला काय होतंय’ असे म्हणू नका. जवळ जा, हात लावून पाहा, वेळेवर तेल घाला.

आणि हो, पर्स. ती सिस्टरांच्या काखेतच होती. मिस्तरींनी पाहिली, मामांनी पाहिली, मीही पाहिली. मिस्तरींनी फक्त त्यांच्यासाठी चहा मागवला.