माझ्या कपाळावरचं बोट

मी मातीची बाहुली बोलतेय. जरा हळू वाचा बरं का, मला धक्का सोसत नाही. शाळेत पोरं खेळतात ना, त्या रंगीत मातीची मी. आत तारेचा सांगाडा, अंगावर जुन्या लुगड्याचा तुकडा. ठाण्यात, कोपरीच्या घरात कल्पितानं मला घडवलं. ती बाहुल्यांचे छोटे छोटे सिनेमे करते. मला चेहरा दिला तिच्या आजीचा. आजी तरुणपणी मिठागरात राबायची, तिचीच ही गोष्ट.

आमचं काम कसं चालतं, माहितेय? माझी मान केसभर हलवायची, एक फोटो. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. असे ढीगभर फोटो भरभर दाखवले की मी पडद्यावर जिवंत होते. पण कुणी नुसतं शिंकलं तरी मी देवाचा धावा करते. मी कलंडले की सगळंच मुसळ केरात! म्हणून कल्पिता पंखासुद्धा लावत नाही. तिचा भाऊ कमलेश दारातून चिडवतो, "काय डायरेक्टर, म्हातारी आज तरी मिठागरात पोचणार का?" हसतो मेला, पण आत पाऊल टाकत नाही.

सोमवारी सिनेमा स्पर्धेला पाठवायचा होता. शेवटचा प्रसंग तेवढा उरलेला. मिठाच्या राशीशी उभी राहून मी हळूहळू मान वर करते आणि खाडीतून परतणारी नवऱ्याची होडी बघते. मान अर्धी वर झाली आणि कल्पिता जेवायला गेली.

तो मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. बाहेर हळदीकुंकवाला बायका जमलेल्या. कल्पिताची आई, सगुणाबाई, एकेकीला कुंकू लावत लावत आमच्या खोलीत शिरल्या. मला बघून थबकल्या. मी मनात ओरडतेय, नका हो, नका! पण मातीचं तोंड ते, उघडणार कसं? त्यांनी कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला टेकवलं. वर नमस्कारही केला.

कल्पिता आली आणि दारातूनच ओरडली. "आई! काय केलंस हे? आधीच्या सगळ्या फोटोंत कपाळ कोरं आहे!"

"उघऱ्या कपालाची सासू मना बगवली नाय गो," सगुणाबाई रडवेल्या झाल्या. "सगल्यांना लावला, न तिलाच कशी सोरू?"

कल्पितानं पुसून बघितलं, तर लाल रंग कपाळभर पसरला. मग तिनं कोरणी उचलली. संपलं, म्हटलं, आता आपली धडगत नाही. तिनं डाग खरवडला, मातीची नवी चिमूट बसवली, आधीचा फोटो बघून कपाळ पुन्हा तसंच केलं. मग तिनं आईचं लाल बोट पाहिलं, माझं कोरं कपाळ पाहिलं आणि कॅमेरा पुन्हा लावला.

"आई, परत लाव," ती म्हणाली. "पण मी थांब म्हणेन तिथं थांबायचं."

बोट वरून उतरू लागलं. थांब. फोटो. जरा खाली. थांब. फोटो. माझा जीव टांगणीला लागलेला. शेवटी बोट टेकलं, कुंकू लागलं, हात वर गेला. मग माझी मान पूर्ण वर झाली आणि मला होडी दिसली.

ठाण्यातल्या एका सभागृहात सिनेमा दाखवला. आभाळातून भलंमोठं बोट उतरलं तसे सगळे खुर्चीत पुढे सरकले. तेवढ्यात सगुणाबाई ओरडल्या, "ता बोट माजा हाय!" लोक हसले, आणि त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

आता उन्हाळा आहे. वितळू नये म्हणून मी फ्रिजमध्ये असते, दह्याच्या भांड्यामागे. कल्पितानं नवा सिनेमा काढलाय, आणि नव्या बाहुल्यांसाठी ती जुन्याच मोडून मळते. दार उघडलं की मला धस्स होतं.

मळ गं बाई, आमचा जन्मच त्यासाठी. फक्त कपाळाची चिमूट वेगळी काढ आणि नव्या बाहुलीच्या छातीत ठेव. तीही माझ्यासारखीच घाबरट निघेल. कुणीतरी आपल्याला घरातलं मानलं होतं, एवढं तिला कळू दे.

अगंबाई, दार उघडलं वाटतं! कुणाचा हात आहे हो? बोटाला कुंकू लागलंय का, बघा ना जरा.