हरकत नसलेल्या बाबी

भाऊजींवर माझा विश्वास होता, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मला कुणी ‘तुला एवढंही कळलं नाही का’ असं विचारायला नको. नाही कळलं. चोवीस वर्षं मी वरवर बऱ्या दिसणाऱ्या जखमेवर बोट ठेवून सांगत आले की आत पू आहे, आणि रोज समोर बसून जेवणारा माणूस मला ओळखता आला नाही.

मी नगरपालिकेची नर्स. दवाखान्यातली नव्हे, घरोघर जाणारी. ज्यांना जिना उतरता येत नाही, अंथरूण सोडता येत नाही, त्यांच्याकडे जाऊन पट्ट्या बदलायच्या, नळ्या बदलायच्या, पाठीला जखम होत नाही ना ते बघायचं. माझ्याकडे सतरा घरं होती. वरिष्ठ डॉक्टर कागदावर याला ‘गृहभेट शुश्रूषा सेवा’ म्हणतात. लोक म्हणतात, सिस्टर आली.

सतरा घरांतलं पहिलं घर काकांचं. काका म्हणजे छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि स्वतःच्या साखरेकडे लक्ष दिलं नाही, असं काकूच म्हणायच्या. डाव्या पायाचं एक बोट आधीच गेलेलं, आता टाचेला जखम. एक दिवसाआड ड्रेसिंग. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दोन आठवडे जरी हयगय झाली तरी पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जिना इतका अरुंद की काकांना खुर्चीत बसवून उतरवायचं म्हटलं तर वळणावर खुर्ची अडकते. एकदा अडकली होती. काका वर, शेजारी खाली, आणि मध्ये खुर्ची. अर्धा तास सगळे तिथेच. त्यानंतर काकांनी जिन्याचं नाव काढलं नाही.

अंदाजपत्रकाचा मसुदा वर्तमानपत्रात आला तो काकांनी लाल पेन्सिल घेऊन वाचला. दुसरं कोण वाचणार? मी गेले तेव्हा पान गादीवर पसरलेलं होतं आणि एका ओळीखाली दोन रेघा.

“सिस्टर, हे बघा. ‘गृहभेट शुश्रूषा सेवा : पुनर्रचना प्रस्तावित.’ बागेच्या दिव्यांपुढे लिहिलंय ‘खर्चात कपात’. वाचनालयापुढे लिहिलंय ‘एक दिवस बंद’. मग आपल्यापुढेच एवढा मोठा शब्द का?”

“सुधारणा करत असतील.”

“सुधारणा करायची असती तर सुधारणा म्हणून मिरवली असती.” काकांनी उशीखालून एक कागद काढला. “लेखी हरकत द्यायला पंधरा दिवस आहेत. मी लिहून ठेवली आहे. पण एकट्याच्या सहीला कोण विचारतो? तुम्ही सगळ्यांच्या घरी जाता. सतराच्या सतरा सह्या तुम्हीच आणू शकता.”

ते खरंच होतं. माझे पेशंट एकमेकांना ओळखत नव्हते. कुणी कधी बाहेर पडणार नाही, कुणी कुणाला भेटणार नाही. सतरा जणांमध्ये दुवा काय तो मी आणि माझी पिशवी. तरी मी म्हणाले, “आधी भाऊजींना विचारते. उगाच आपण काहीतरी करून बसायचो.”

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, आमच्या प्रभागाचे नगरसेवक. माझ्या लग्नात त्यांना नुकती मिसरूड फुटत होती. पहिल्या निवडणुकीत त्यांना कुत्रंही विचारत नव्हतं, तेव्हा मी माझ्या पेशंटच्या घरोघर सांगितलं होतं की आमच्या भाऊजींना मत द्या, माणूस शब्दाचा पक्का आहे. ते निवडून आले त्यात माझ्या पायपिटीचा वाटा आहे, हे ते चारचौघांत सांगायचे. मला बरं वाटायचं. का वाटू नये?

त्या दिवशी जेवताना मी विषय काढला. हे, म्हणजे माझे मिस्टर, भिंतीला टेकून बसले होते. पाठीच्या दुखण्यामुळे दोन वर्षं ते घरीच आहेत आणि घर माझ्या पगारावर चालतं. भाऊजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पाणी प्यायले.

“वहिनी, हरकत अजिबात देऊ नका.”

“का?”

“हरकत आली की बाब चर्चेला जाते. चर्चेला गेली की प्रत्येक जण तिची चिरफाड करतो. सतरा माणसांसाठी एक नर्स कशाला, असं कुणीतरी विचारणारच. आत्ता कुणाचं लक्ष नाहीये. गप्प राहिलात तर काही होणार नाही.”

“पण ते पुनर्रचना म्हणजे काय?”

“कागदावरचं काहीतरी. मी आहे ना सभागृहात. मी बघतो.”

मी बघतो, म्हटल्यावर माझ्या मनावरचं ओझं उतरलं. दुसऱ्या दिवसापासून मी सतरा घरी तेच सांगत फिरले. शिंप्याच्या आईला सांगितलं, पाठ मोडलेल्या रंगाऱ्याला सांगितलं, नळीवर जगणाऱ्या बाईच्या मुलीला सांगितलं. ती मुलगी तर सही करायला पेन घेऊनच उभी होती. मी म्हणाले, पेन ठेव, माझे भाऊजी आहेत. तिने ठेवलं. सगळ्यांनी ऐकलं, कारण सांगणारी मी होते.

काकांनी तेवढं सहज ऐकलं नाही. बराच वेळ पेन्सिल बोटांत फिरवत राहिले. “छापखान्यात मी कुणाच्या सांगण्यावरून चूक सोडली नाही,” म्हणाले. मग कागदाची घडी घालून परत उशीखाली सरकवला. “पण तुम्ही म्हणताय म्हणून.” पंधरा दिवस असेच गेले.

अंदाजपत्रकाच्या सभेला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. भाऊजींना सांगितलं नव्हतं. म्हटलं, त्यांना बोलताना बघावं, मग घरोघर खुशाली सांगता येईल. प्रेक्षकांच्या बाकावर माझ्याशिवाय चार जण होते, त्यातला एक झोपला होता. समोर गोलाकार टेबलं, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि मसुद्याची जाड प्रत. बऱ्याच प्रतींचा दोराही सोडलेला नव्हता.

आधी हरकत आलेल्या बाबी. बागेच्या दिव्यांवर पाऊण तास. दिवे किती वाजता मालवायचे यावर दोन नगरसेवक हमरीतुमरीवर आले आणि शेवटी दिवे होते तसेच ठेवायचे ठरलं. मग वाचनालय. त्याच्यावर दोनशे दहा हरकती आल्या होत्या. सचिवाने गठ्ठाच उचलून दाखवला. अध्यक्ष म्हणाले, लोकभावना लक्षात घेता बंदचा प्रस्ताव मागे. पोहण्याच्या तलावाचंही तेच झालं. ज्याच्यावर हरकत आली ते ते वाचत होतं. मी बाकावर सरळ होऊन बसले. आमच्या बाबीवर एकही हरकत नाही, हे माझ्या ध्यानात आलं ते तेव्हा, तलावाच्या वेळी. तरी मनाला सांगत होते, भाऊजी आहेत.

मग अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. “आता हरकत नसलेल्या बाबी. एकत्रच घेऊ.”

सचिवाने अकरा बाबी एका दमात वाचल्या. सातवी आमची. “गृहभेट शुश्रूषा सेवा, पुनर्रचना. एक तारखेपासून घरभेटी बंद. रुग्णांनी मुख्य दवाखान्यात उपस्थित राहावे.”

मागच्या टेबलावरून एक नगरसेविका उठली. तिला सभागृहात सगळे कडकबाई म्हणतात, कारण ती मसुदा वाचून येते. “ही माणसं अंथरुणावर आहेत. ती दवाखान्यात उपस्थित कशी राहणार? उचलून कोण आणणार?”

भाऊजी उभे राहिले. मी जागेवर पुढे सरकले. त्यांचा आवाज छान आहे, माईकची गरज पडत नाही.

“अध्यक्षमहोदय, ही सेवा देणारी व्यक्ती माझ्या घरातलीच आहे. त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या घरी जाऊन बोलून घेतलं आहे. एकाही रुग्णाची हरकत नाही. पंधरा दिवसांत एकही कागद आलेला नाही. मग आपण त्यांच्या वतीने कशाला हरकत घ्यायची?”

कडकबाईंनी सचिवाकडे बघितलं. सचिवाने मान हलवली, एकही नाही. त्या खाली बसल्या. बाकं वाजली, अकराही बाबी मंजूर. चहा यायला याहून जास्त वेळ लागला.

मी सचिवापाशी धावले. म्हणाले, मीच ती नर्स, माझी हरकत लिहून घ्या. तो भला माणूस होता, वाईट वाटल्यासारखं बोलला. “मुदत संपली, बाई. आता पुढच्या वर्षी.”

भाऊजी व्हरांड्यात कुणाकुणाचे हात हातात घेत होते. मला बघून क्षणभर चेहरा उतरला, मग लगेच जागेवर आला.

“वहिनी, तुम्ही इथे?”

“तुम्ही मला हरकत देऊ नका म्हणालात.”

“इकडे या जरा.” त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. “ऐका. कुठेतरी कात्री लागणारच होती. प्रत्येकाने आपल्या प्रभागातलं एक काहीतरी सोडायचं ठरलं होतं. मी रस्ता सोडला असता तर चार हजार लोक बोंबलले असते.”

“म्हणून सतरा सोडलीत. ज्यांना ओरडायलाही खाली उतरता येत नाही.”

“मला स्थायी समिती मिळतेय, वहिनी. तिथे बसलो की पुढच्या वर्षी हेच परत आणतो. आणि तुमचं नुकसान मी होऊ दिलेलं नाही. तुमचं बघितलंय मी.” त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून लिफाफा काढला. “मुख्य दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बदली. बसून काम. जिने नाहीत, पायपीट नाही. पगार तोच.”

मी ऑर्डर उघडली. सही होती, शिक्का होता. तारीख बघितली. ज्या दिवशी आम्ही जेवताना बोललो त्याच्या दोन दिवस आधीची.

म्हणजे मी समोर बसून त्यांना वाढत होते तेव्हा हा कागद तयार होता. ते पाणी पीत होते, ‘मी बघतो’ म्हणत होते, तेव्हा त्यांचं बघून झालेलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, पण गळा नुसता माझा नव्हता. सतरा माणसांना गप्प बसवायला यांना दुसरं कुणी मिळालं नसतं, म्हणून मला पाठवलं. आणि त्याची मजुरीही आधीच काढून ठेवली.

“उद्या लोक म्हणतील, हिने खुर्चीसाठी आमची तोंडं बंद केली,” मी म्हणाले.

“लोकांचं काय घेऊन बसलात,” भाऊजी म्हणाले आणि कुणीतरी हाक मारली म्हणून गेले. वहिनी घरी बोलू, असं जाता जाता म्हणाले. मला त्यांच्या तोंडात द्यावीशी वाटली. दिली नाही, याचं अजूनही वाईट वाटतं.

घरी यांना ऑर्डर दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. धाकट्या भावाला शिव्या घालतील असं वाटलं होतं. “पगार तोच आहे ना?” एवढंच विचारलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी त्यांच्यावर चिडले नाही, कारण माझ्याही मनात पहिला प्रश्न तोच येऊन गेला होता.

सकाळी नेहमीप्रमाणे काकांच्या जिन्याला लागले. रस्ताभर ठरवत होते की काय सांगायचं. भाऊजींचा नाइलाज झाला म्हणू? वरून दबाव आला म्हणू? तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा काकूंनी दार उघडलं. काका पाय उशीवर ठेवून तयार बसलेले.

“काय झालं सभेत? बोलले का तुमचे भाऊजी?”

मी पिशवी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. दिवे सांगितले, वाचनालय सांगितलं, दोनशे दहा हरकती सांगितल्या. भाऊजी काय बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं. मग ऑर्डरही सांगितली. ती लपवली असती तर चार दिवसांनी कळलीच असती, पण खरं म्हणजे मला ती लपवण्याची लाज वाटली.

काकूंनी विचारलं, “मग तुम्ही बसणार त्या खिडकीवर?”

“हो,” मी म्हणाले. “माझ्याच पगारावर घर आहे.”

काकूंनी मान हलवली. रागाने नाही. बाजारात भाव ऐकून हलवतात तशी.

“एक तारखेला किती दिवस आहेत?” काकांनी विचारलं.

“बारा. सहा ड्रेसिंगं होतील.”

“मग हिला शिकवा.”

काकूंना जवळ बसवलं. हात धुवायला सांगितले, चिमटा कसा धरायचा ते दाखवलं. त्यांच्या चिमट्यातून कापूस दोनदा गादीवर पडला. आणि जखमेची कड त्यांना दिसतच नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हे काकांना माहीत होतं, मलाही होतं. तरी आम्ही तिघं थोडा वेळ तसंच करत राहिलो. शेवटी काकूंनी चिमटा माझ्या हातात परत दिला आणि स्वयंपाकघरात गेल्या.

“काका, मी सुटीच्या दिवशी येत जाईन. कामावरून सुटल्यावर येईन. तुमचा पाय मी जाऊ देणार नाही, शब्द देते.”

काका माझ्याकडे बघत होते. चिडले असते, ओरडले असते, तर मला सोपं गेलं असतं.

“तुम्ही वाईट नाही आहात, सिस्टर. ते मला माहीत आहे,” ते म्हणाले. “पण यापुढे मला काही सांगू नका. नुसती पट्टी करा.”

मी पट्टी केली. पिशवी भरली. अजून सोळा घरं होती.