पोविलासची पाठ

मी एक चिमटा. पोळी उलटणारा नव्हे आणि निखारा उचलणाराही नव्हे. मी बोटाएवढा आहे, पोलादाचा, आणि माझी टोकं इतकी बारीक आहेत की पापणीचे केससुद्धा एकेक करून उचलता येतील. सध्या मी खिडकीच्या कट्ट्यावर पडलेला असतो आणि मला जराही स्वस्थता नाही. का नाही, ते सांगतो.

माझी पहिली वीस वर्षं घड्याळांत गेली. आलितुस शहरात आल्बिनास नावाचे घड्याळजी होते. त्यांच्या हातात मी केसाएवढ्या स्प्रिंगा आणि कणीहून लहान स्क्रू उचलायचो. मग त्यांचा हात थरथरायला लागला. एका सकाळी एकच स्क्रू त्यांच्याकडून तीनदा निसटला. त्यांनी मला फडक्याने पुसलं आणि दुकानाची फळी लावली ती कायमचीच.

त्यांची भाची ब्रोने त्यांना भेटायला आली होती. ती झूकियाच्या जंगलातल्या एका गावात दिलेली. मामांनी मला तिच्या हातावर ठेवलं.

"घे. काटेकुटे काढायला होईल."

"मामा, आमच्याकडे काट्यांपेक्षा गोचिडीच जास्त."

"मग गोचिडी काढ. घड्याळ काय नि गोचीड काय, अगदी मुळाशी धरायचं, सरळ वर घ्यायचं, हिसका द्यायचा नाही. पिळायचं तर मुळीच नाही."

माझं दुसरं आयुष्य असं सुरू झालं.

ब्रोनेचा नवरा पोविलास जंगलखात्यात रखवालदार होता. निवृत्त झाला तरी जंगल सुटलं नाही. नदीकाठच्या झाडीतून तो अळिंबी आणायचा, ब्लूबेरी आणायचा, आणि न चुकता अंगावर गोचिडीही आणायचा. सगळ्यांत वाईट त्या लहान, खसखशीच्या दाण्याएवढ्या. चावताना कळत नाहीत, दुखत नाहीत.

म्हणून रोज संध्याकाळी, उजेड असेतोवर, खिडकीजवळ एक कार्यक्रम व्हायचा. पोविलास शर्ट काढून उभा राहायचा. ब्रोने चष्मा चढवून मला हातात घ्यायची.

"हात वर. वळ. हलू नकोस रे! घोडा तरी नाल मारताना उभा राहतो."

"घोड्याला तू एवढं टोचत नाहीस."

"घोडा एवढा बोलतही नाही. खाली वाक, कानामागे बघू दे."

मग तिची पाळी. गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या मुळाशी, कमरेला इलास्टिक बसतं तिथे. दहा मिनिटं लागायची. त्या दहा मिनिटांत दिवसभराचं सगळं बोलून व्हायचं. कुणाची गाय आटली, कुणी छप्पर बदललं, कोण कुणाशी बोलत नाही. मी लोकांची घरं फार पाहिली नाहीत, पण एवढं सांगतो, त्या दोघांचा संसार मला त्या खिडकीजवळच दिसायचा.

शेजारच्या होनोराता मावशीला माझं काही कौतुक नव्हतं. चौऱ्याऐंशी वर्षांची ती बाई कुंपणावरून ओरडायची, "अगं, लोणी लाव तिच्यावर! गुदमरून आपोआप सुटते."

"मावशी, गुदमरली की ती पोटातलं सगळं रक्तात ओकते, असं नर्सबाई म्हणाल्या."

"नर्सबाई! नर्सबाईंच्या जन्माआधीपासून मी लोणी लावतेय."

"आणि गुडघे धरून बसतेस ते?"

"ते म्हातारपण गं," असं म्हणून मावशी आत निघून जायची.

पोविलास मात्र निर्धास्त. गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लस त्याने घेतली होती, आणि आता आपल्याला काही होत नाही असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ब्रोने त्याला सांगून थकली होती, "अरे, ती लस वेगळ्या आजाराची. लाईम हा गोचिडीचा दुसरा आजार, त्यावर लस नाही आपल्याकडे. त्याला डोळे लागतात, आपले डोळे." तो हसायचा आणि पाठ पुढे करायचा. पाठ पुढे करत होता, तोवर सगळं ठीक होतं.

गेल्या वर्षी जूनच्या शेवटी त्यांची मुलगी झिविले हिचा नॉर्वेहून फोन आला. तिला दिवस गेले होते. ब्रोनेने तिथल्या तिथे कबूल केलं, सप्टेंबरात येते, वसंतापर्यंत राहते. पोविलासला हे कळलं ते जेवताना, बीटाचं गार सार पुढ्यात असताना.

"कुणाला विचारलंस?"

"लेकीचं बाळंतपण आहे. त्यात विचारायचं काय?"

"म्हणजे हिवाळाभर मी भिंतींशी बोलू?"

"एरवी तरी तू कुणाशी बोलतोस?"

हे त्याला लागलं. मला कट्ट्यावरच्या माझ्या डबीतूनही कळलं, कारण चमचा ताटलीवर आपटला. "जा. उद्याच जा. मला कुणाची गरज नाही," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी मला घेऊन खिडकीशी उभी राहिली. तो जंगलातून आला, टोपली ठेवली आणि शर्टासकट बाकावर आडवा झाला.

"शर्ट काढ," ती एकदाच म्हणाली.

"माझा मी बघतो."

"पाठ कशी बघशील? घुबडासारखी मान फिरवून?"

त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. तिने मला डबीत टाकलं आणि झाकण लावलं. एवढ्या जोराने तिने ते कधी लावलं नव्हतं.

दोन आठवडे घरात शब्द नव्हता. मग कामापुरतं बोलणं सुरू झालं. लाकडं संपली, पीठ आण, कुत्र्याला खायला घातलंस का. पण खिडकीजवळचं ते सुरू झालं नाही. तो सांगेना, ती विचारेना. मी कापूस आणि स्पिरिटच्या बाटलीशेजारी अंधारात पडून रोज बूट वाजायची वाट बघायचो. बूट वाजायचे. ते खिडकीकडे वळायचे नाहीत.

आणि मी ऐकलं, एकदा नाही, अनेकदा ऐकलं, की तो दाराच्या चौकटीला पाठ घासतोय. खसाखसा, अस्वलासारखी. मला बोलता येत असतं तर मी डबी फोडून ओरडलो असतो. माणसांचं मला हेच नवल वाटतं. खाज सुटली तर ती खाजवतात. कशाची आहे ते बघत नाहीत.

जुलैत त्याला ताप आला. मान आखडली, सांधे ठणकायला लागले. "उन्हाळ्याची सर्दी," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. ब्रोने रास्पबेरीचा चहा करून उशाशी ठेवायची आणि बाहेर जायची. चार दिवसांनी ताप उतरला. दोघांनाही वाटलं, संपलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तो चहा प्यायला बसला आणि चहा तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून शर्टावर सांडला. त्याने पुसला, पुन्हा घोट घेतला, पुन्हा सांडला.

"लहान बाळासारखं काय हे," ब्रोने वळून म्हणाली आणि तिथेच थांबली. त्याचा अर्धा चेहरा खाली उतरला होता. उजवा डोळा मिटत होता, डावा उघडाच.

"पोविलास! माझ्याकडे बघ. हात वर कर. दोन्ही हात!"

"हात होतायत वर," तो म्हणाला, पण शब्द तोंडातून तिरके येत होते. "ब्रोने, मला काय झालंय?"

त्या घरात सहा आठवड्यांत तिला नावाने मारलेली ती पहिली हाक होती.

तिने रुग्णवाहिकेला फोन केला. मग हाताला लागेल ते पिशवीत कोंबू लागली. ओळखपत्रं, चपला, टॉवेल, सफरचंद, आणि औषधांची समजून माझी डबी. तसा मी इस्पितळात पोहोचलो.

सगळ्यांना वाटलं होतं अर्धांगवायू. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत नव्हत्या. "कपाळाला आठ्या घाला बघू," त्या म्हणाल्या. कपाळाची डावी बाजूही हलली नाही; अर्धांगवायूत ती बहुतेक हलते, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "गेल्या दोन महिन्यांत गोचीड चावली होती?"

"नाही," पोविलास म्हणाला.

"जंगलात जाता?"

"रोज."

"मग नाही कशावरून? पाठ कोण बघतं तुमची?"

डबीचं झाकण पिशवीत निघालं होतं. पिशवीच्या तोंडातून मला ब्रोनेचे हात दिसत होते. ती पिशवीचा बंद पिळत होती.

डॉक्टरीणबाईंनी शर्ट वर केला. डाव्या फऱ्याखाली फिकट लाल कडं होतं, जेवायच्या ताटलीएवढं मोठं, मधून निवळलेलं. ते किती आठवडे तिथे पसरत गेलं होतं, कोण जाणे. चौकटीला घासून मधे खपलीही धरली होती.

ब्रोने खुर्चीवर बसली. "तीस वर्षं मी ही पाठ बघतेय," ती म्हणाली. "यातला तीळ न् तीळ मला माहीत आहे. आणि हे..."

"तू म्हणाली होतीस, शर्ट काढ," पोविलास तिरक्या तोंडाने म्हणाला.

"एकदाच म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणायला माझं काय जात होतं?"

"मी तरी कुठे काढला असता."

"मी फाडला असता रे! फाडून काढला असता!" ती इतक्या जोरात ओरडली की बाहेरून परिचारिका डोकावली. मग ती रडायला लागली, आणि तो तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला, त्याचा स्वतःचा डावा डोळा उघडाच, पाणी गळत असलेला. तो रडत होता की नुसतं पाणी येत होतं, हे कुणाला सांगता आलं नसतं.

मणक्यातलं पाणी काढून तपासलं. लाईमच होता, चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोहोचलेला. तीन आठवडे गोळ्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेकांचा चेहरा परत येतो, पण किती दिवसांत ते सांगता येत नाही. उन्हात जायचं नाही, आणि गोळीबरोबर दूध-दही नको.

"दही नको?" पोविलासने अशा सुरात विचारलं, जणू आजारापेक्षा तेच जास्त वाईट आहे. त्या दिवसात ब्रोने पहिल्यांदा हसली.

पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारू नका. ब्रोने दर तासाला त्याच्या चेहऱ्याकडे बघायची. झोपताना डोळ्यावर पट्टी, दिवसा थेंब. "शीळ घाल," ती म्हणायची. तो ओठ काढायचा, नुसती हवा फुसकन जायची. "हसून दाखव." अर्धा हसायचा. खिडकीजवळचा कार्यक्रम पुन्हा सुरू झाला होता, तो घराबाहेर पडत नव्हता तरीही. ती एकेक बोट जागा तपासायची, सगळी पाठ एकदा झाली की पुन्हा.

तिने झिविलेला कळवलं, येत नाही. पोविलासने तो फोन ऐकला. चौथ्या आठवड्यात त्याच्या डाव्या भुवईला किंचित हालचाल आली, आणि त्या दिवशी त्याने स्वतः मुलीला फोन लावला. "तुझी आई येतेय," तो म्हणाला. "ऑक्टोबरात. मी विचारलंय तिला."

"मला कधी विचारलंस?" ब्रोने म्हणाली.

"आता विचारतोय. जातेस का?"

तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "आणि तुझी पाठ?"

"होनोराता मावशी बघेल."

"ती लोणी लावेल!"

"नुसतं बघायला सांगेन. हात लावू देणार नाही."

ती गेली. नातू झाला, त्याचं नाव योकुबास ठेवलं. फोनच्या पडद्यावर त्याला जांभई देताना बघून पोविलास हसला, आणि तिकडून ब्रोने किंचाळली, "झिविले, बघ! दोन्ही बाजूंनी हसला!" थोडा उशीर लागतो अजून डाव्या कोपऱ्याला, पण येतो तो मागून.

बर्फ वितळलं. एप्रिलपासून पोविलास पुन्हा जंगलात जायला लागला. पायमोजे विजारीवर ओढून, फिक्या रंगाचे कपडे घालून. रोज संध्याकाळी तो मला खिशात टाकून कुंपण ओलांडतो आणि आपली पाठ मावशीपुढे करतो. मावशी दोन चष्मे एकावर एक लावते, बोट फिरवते आणि दर खेपेला विचारते, "तरी थोडंसं लोणी?"

मे महिन्यात, तिच्याकडून घरी आल्यावर, त्याला स्वतःलाच उजव्या गुडघ्यामागे काळा ठिपका दिसला. ठिपक्याला पाय होते. त्याने मला घेतलं. दोनदा खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मी घड्याळजींच्या हातातला, पण त्या दिवशी माझी टोकं कातडीला टेकली तेव्हा मीही घाबरलो होतो. त्याने मुळाशी धरलं, श्वास रोखला, सरळ वर घेतलं. डोक्यासकट आली. त्याने स्पिरिट लावलं, भिंतीवरच्या कॅलेंडरावर त्या तारखेला गोल केला आणि नॉर्वेला फोन केला.

"किती वेळ होती?" ब्रोनेने विचारलं.

"दुपारी गेलो होतो. चार तास, फार तर."

"मग बहुतेक काही नाही. लवकर निघाली की धोका कमी असतो." मग तिने बजावलं, "तरी महिनाभर बघायचं. रोज. मला दाखवायचं."

आज एकोणिसावा दिवस. रोज सकाळी तो बाकावर पालथा पडतो, फोन मागे धरतो, आणि तिकडून आवाज येतो, "जवळ आण. उजेडात. ते काय आहे? नाही, ती शीर आहे. बरं." दिवसभर तो कामात असतो आणि मी इथे कट्ट्यावर. अजून काही उमटलेलं नाही. उमटणारही नाही कदाचित. पण अकरा दिवस उरलेत, आणि पोलादाला झोप नसते. ब्रोने पंधरा जूनला येतेय.

तुम्ही गवतातून, झाडीतून, गुरांमधून घरी येत असाल, तर माझं एवढं ऐका. उजेड असेतोवर कुणाला तरी पाठ दाखवा. घरात भांडण चालू असेल तर ते दहा मिनिटं बाजूला ठेवा. नंतर पुन्हा भांडता येतं.

बाहेर कुत्रा भुंकला. बुटांचा आवाज येतोय. पोविलास आला वाटतं, आणि खिडकीत अजून पुरेसं ऊन आहे.