निळ्या कपाटाची बढती

सांगते, पण मधे मधे "असं कसं होईल" म्हणायचं नाही. झालंय. मी तिथे होते आणि कागदांवर सही माझी आहे.

शहाण्णव साल. एअरपोर्ट रोडवरच्या एका सरकारी कारखान्यात मी कॉम्प्युटरची इंजिनियर होते. आमच्या विभागात वैमानिकांची परीक्षा घ्यायचा सिम्युलेटर होता. म्हणजे विमानाची नुसती पुढची केबिन, जमिनीला बोल्टनं घट्ट बसवलेली, आणि काचेबाहेर पडद्यावर आकाश, डोंगर, धावपट्टी. हे सगळं दृश्य काढायचं काम शेजारच्या वर्कस्टेशनचं, म्हणजे दांडग्या कॉम्प्युटरचं. अमेरिकेहून आलेलं, कपड्यांच्या कपाटाएवढं, रंगानं निळं. आम्ही त्याला निळं कपाटच म्हणायचो. त्यानं सेकंदाला साठ चित्रं काढायची आणि एकही चुकवायचं नाही. चुकलं की बाहेरचं क्षितिज टुणकन उडी मारतं आणि आत बसलेल्याच्या पोटात खड्डा पडतो.

आता जयसिंगअण्णा. जे. पी. नगरात आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. मला दहावीत लॉगॅरिथम शिकवलं ते त्यांनी, नाहीतर मी कुठली इंजिनियर होतेय. एका छोट्या कंपनीचं अठरा माणसांचं विमान ते हुबळी-मंगळूरला न्यायचे. वय त्रेपन्न. दर सहा महिन्यांनी त्यांची परीक्षा आमच्या सिम्युलेटरमध्ये व्हायची. जूनच्या परीक्षेत ते म्हणाले, क्षितिजानं दोनदा उडी मारली. परीक्षकानं कपाटातली नोंद काढून बघितली. चुकलेली चित्रं: शून्य. मग उडी कोणी मारली? परीक्षकानं शेरा मारला की वैमानिकाला भास होतात, मेडिकल बोर्डाकडे पाठवावं. आणि त्रेपन्नाव्या वर्षी भासवाला म्हणून बोर्डापुढे गेलेला माणूस परत विमानात बसलाच तर तिकीट काढून बसतो. एक महिन्याची मुदत होती. तेवढ्यात मशीनचा दोष सिद्ध झाला तर शेरा रद्द आणि परीक्षा नव्यानं.

जमनाअक्का, म्हणजे त्यांची बायको, भिंतीवरून सारूचं, म्हणजे आमटीचं, भांडं देताना मला म्हणाली, "सकू, तुमचं मशीनच खोटं बोलतंय बघ. ह्यांना उभ्या जन्मात कधी चक्कर आली नाही."

मला वेगळं काय वाटणार? माझी तर खात्रीच होती. अण्णांसारखा माणूस नसलेली उडी बघेल होय? मी पदर खोचला आणि कपाटाच्या मागे लागले.

दोन दिवसांत चोर सापडला. कपाटात एका वेळी पन्नासेक प्रोग्राम चालतात, आणि कुणी आधी, कुणी मागून, हे ठरवायला प्रत्येकाला नंबर असतो. जगात सगळीकडे दृश्याला पहिला नंबर देतात आणि बाकीचे गप रांगेत उभे राहतात. आमच्याकडे मात्र परिपत्रक होतं. प्रोग्रामचा नंबर त्याच्या मालक अधिकाऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे राहील, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं.

भीमसेनराव आमचे महाव्यवस्थापक. त्यांच्या खोलीतल्या पडद्यावर एक पितळी घड्याळ होतं, खरं नव्हे, कॉम्प्युटरनं काढलेलं. दर पाव तासाला त्याचं दार उघडायचं, मोर बाहेर यायचा, पिसारा फुलवून गोल फिरायचा आणि आत जायचा. दिल्लीचे पाहुणे आले की आधी मोर, मग कारखाना. एवढी पिसं काढायची ताकद दुसऱ्या मशीनमध्ये नव्हती, म्हणून तो मोरही निळ्या कपाटातूनच यायचा. मालक महाव्यवस्थापक, तेव्हा मोराचा नंबर पहिला. विमानाचं दृश्य माझ्या नावावर, तेव्हा त्याचा सातवा. आणि चुकलेली चित्रं मोजणारा जो प्रोग्राम, तो नोकरीत अजून कायम न झालेल्या एका टंकलेखकाच्या नावावर, सगळ्यांच्या शेवटी. त्यामुळे मोर नाचायला लागला की दृश्य अडखळायचं, आणि अडखळलेलं मोजणारा नेमका तेव्हाच झोपलेला असायचा. मोर आत गेला की हा उठून लिहायचा, सगळं ठीक आहे. कपाळ माझं.

पहिल्यांदा मी गुपचूप नंबर बदलून टाकले. तासाभरात मेमो आला. "मोर अकरा वाजता अनुपस्थित का होता, याचा लेखी खुलासा करावा."

मग सरळ भीमसेनरावांच्या खोलीत गेले. माणूस वाईट नव्हता हो, फक्त रांगेवर त्याची फार श्रद्धा. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सकवारबाई, मोराचं मला काही नाही. पण आज तुमचा सातवा नंबर माझ्यापुढे गेला, तर उद्या गाड्या लावायच्या जागेत कोण पुढे? परवा कँटीनमध्ये?"

"सर, विमान अडखळतंय."

"ते तर बोल्टनं बसवलंय. जाणार कुठे?"

माझं डोकं फिरलं.

मग मी विषय समितीपुढे नेला. नको असलेले चौदा प्रोग्राम बंद करावेत अशी यादी दिली. त्यात चहाची कुपनं छापणारा होता, पडद्यावर मासे सोडणारा होता, आणि बदली होऊन गेलेल्या साहेबांचं टपाल दर मिनिटाला तपासणारा होता. समिती तीन तास बसली. निर्णय झाला की कुणालाही नोटिशीशिवाय बंद करता येणार नाही. चौदा नोटिसा टाइप झाल्या, कपाटाच्या दारावर चिकटवल्या, सात दिवस वाट बघितली. कुणाचाही खुलासा आला नाही. तेव्हा एकतर्फी निर्णय घेऊन ते चौदा बंद केले. मोर मात्र होता तिथेच. महिन्यातले बारा दिवस संपले होते आणि अण्णा रोज सकाळी गणवेशाला इस्त्री करून घरच्या कपाटात परत टांगत होते. हे मला जमनाअक्कानं सांगितलं.

शेवटी आस्थापना विभागाचा दत्ता भेटला. आमच्यातलाच, मराठी बोलणारा, चिकपेटेचा. नियमांची पुस्तकं तोंडपाठ. मी आपलं रडगाणं गायलं. तो सुपारी कातरत म्हणाला, "अक्का, सरांना खाली आणता येत नाही. कपाटाला वर नेता येतं की."

मला वाटलं चेष्टा करतोय. त्यानं खणातून कोरी फाईल काढली आणि वर लिहिलं, निळे कपाट, बढती प्रकरण.

काय सांगू तुम्हाला. चार वर्षं सलग सेवा, एकही रजा नाही, एकही बढती नाही, म्हणजे अन्यायच झाला होता म्हणे. सेवापुस्तक तयार झालं. जन्मतारीख म्हणून खोका उघडल्याचा दिवस टाकला. ओळखीची खूण, डाव्या बाजूला ओरखडा. वैद्यकीय दाखला लागतो, म्हणून कारखान्याचे डॉक्टर आले. त्यांनी कपाटाला स्टेथोस्कोप लावला, थोडा वेळ पंख्याचा आवाज ऐकला, आणि लिहून दिलं की प्रकृती उत्तम, आवाज स्वल्प घोगरा. गोपनीय अहवाल मला लिहायला लागला. स्वभाव: थंड. वरिष्ठांशी वागणूक: मर्यादेची. सचोटी: संशयातीत. हे लिहिताना मला हसू यायला हवं होतं, पण अठरा दिवस गेले होते आणि मी शुद्धलेखन तपासत बसले होते.

फाईल सगळ्या टेबलांवरून रीतसर सह्या होत भीमसेनरावांकडे गेली. सगळ्या सह्या जागच्या जागी असलेली फाईल त्यांनी जन्मात परत पाठवली नव्हती. त्यांनी सही केली. निळं कपाट वरिष्ठ महाव्यवस्थापक झालं.

दुसऱ्या दिवसापासून भीमसेनराव आमच्या खोलीत आले की दारातच थांबायचे, कोटाचं बटण लावायचे आणि कपाटाला नमस्कार करायचे. त्यांनी मोरासाठी अर्जही केला. "माझा मोर आपल्या सोयीनं दिवसातून एकदा नाचावा, ही विनंती." कपाटानं काही उत्तर दिलं नाही. दत्तानं शेरा मारला, विचाराधीन.

आता माझे हात मोकळे झाले. दृश्य मी कपाटाच्याच नावावर केलं, म्हणजे परिपत्रकाप्रमाणेच त्याचा नंबर पहिला. कपाटात दोन प्रोसेसर होते. एक मी फक्त दृश्याला दिला, तिथे दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही. दृश्याला लागणारी जागा मेमरीत कायमची राखून ठेवली. नेटवर्क, प्रिंटर, सगळ्यांची हाकाटी दुसऱ्या प्रोसेसरकडे वळवली. मोजणाऱ्याला दत्तानं वरिष्ठ महाव्यवस्थापकांचा स्वीय सहायक म्हणून नेमलं, म्हणजे तो दृश्याच्या खालोखाल आला आणि कायम जागा राहिला. मग परीक्षकाला बोलावून, मोजणारा तेवढा जागा ठेवून, जुन्या नंबरांवर मोर मुद्दाम नाचवून दाखवला. जाग्या मोजणाऱ्यानं लिहिलं, अकरा चित्रं चुकली. नंतर नवी मांडणी तीन दिवस, तीन रात्री अखंड चालवली. एक कोटी पंचावन्न लाख बावन्न हजार चित्रं, चुकलेलं एकही नाही. परीक्षकानं माझ्यासमोर जुना शेरा खोडला आणि नव्या परीक्षेला गुरुवार दिला. जमनाअक्कानं ऑफिसात सगळ्यांना चिरोटे पाठवले. भीमसेनरावांनी दोन खाल्ले आणि एक कपाटापुढे ठेवला.

गुरुवारी अण्णा तो इस्त्रीचा गणवेश घालून आले. सिम्युलेटरमध्ये तासभर होते. पाऊस झाला, एक इंजिन बंद पाडून झालं, मंगळूरच्या टेकडीवरच्या धावपट्टीवर त्यांनी विमान असं उतरवलं की दत्तानं बाहेर टाळी वाजवली. अण्णा बाहेर आले. परीक्षकानं पेनाचं टोपण काढलं आणि रीत म्हणून विचारलं, "काही तक्रार?"

अण्णांनी रुमालानं मान पुसली. "दोनदा उडी मारली," ते म्हणाले. "बारीकसारीक नाही. चांगली मोठी. जूनमध्ये मारली होती तशीच."

मी नोंद बघितली. शून्य. परत बघितली. मोजणारा जागा होता, मोर बंद होता, दुसरा प्रोसेसरसुद्धा निवांत होता. मग मी खणातून अण्णांच्या जूनच्या तक्रारीचा कागद काढला. महिनाभर तो माझ्याकडे होता आणि मी फक्त "दोनदा" एवढंच वाचलं होतं. अण्णांनी त्यावर वेळासुद्धा लिहिल्या होत्या, त्यांच्या त्या सुबक अक्षरात. दहा वाजून सात मिनिटं. दहा वाजून बावीस. मोर यायचा दहाला, सव्वादहाला, साडेदहाला. परीक्षकानं वाचलं नव्हतं, मी वाचलं नव्हतं. मला वाचायचंच नव्हतं. मी त्या कपाटावर इतकी चिडले की लाथ घालावीशी वाटली. त्यानं एकदा तरी चुकायला काय हरकत होती?

भीमसेनरावांनी खोलीचं दार लावून घेतलं. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "सकवारबाई, लिहा की मोर चालू होता. मी न विचारता चालू केला, असं लिहा. मी सही करतो." रांग मोडल्याचं स्वतःच्या नावावर लिहून द्यायला तो माणूस तयार झाला होता. मला त्यांची फार माया आली. परीक्षक खिडकीबाहेर बघत होता. मी लिहिलं असतं तर त्यानं वाचलं नसतं, हे मला कळत होतं. मी पेन उचललंसुद्धा.

"सकू," अण्णा मराठीत म्हणाले, म्हणजे ते फक्त मला आणि दत्ताला कळावं. "तू सांग. उडी होती?"

अठरा खुर्च्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. आणि भिंतीपलीकडची जमनाअक्का.

"नव्हती, अण्णा."

ते माझ्याकडे बघत राहिले. लॉगॅरिथमचं उत्तर बरोबर आलं की बघायचे तसंच. "सरी," ते कानडीत म्हणाले, म्हणजे ठीक आहे. माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनी कागदावर दोन्ही वेळा लिहिल्या, खाली सही केली आणि कागद परीक्षकाला दिला.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. फाटकाबाहेर त्यांची स्कूटर उभी होती. अण्णांनी खिशातून किल्ली काढली, एकदा रस्त्याकडे बघितलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"तू चालव," ते म्हणाले आणि मागे बसले.

मला दुसऱ्या गिअरच्या पुढे जायची भीती वाटते. एअरपोर्ट रोडपासून जे. पी. नगरपर्यंत मी दुसऱ्या गिअरमध्येच नेली, आणि मागचे सगळे हॉर्न मारत होते.