हौसा बोलेल तसं

"ढमालेकाका, हौसाबाई खरंच अशा बोलायच्या?" मृणालताईंनी हातातल्या कागदावरून मोठ्यानं वाचलं, "'हे प्राणनाथ, आपल्या विरहाने माझे हृदय व्याकूळ झाले आहे.'"

विष्णू ढमाले खाटेच्या कडेला अवघडून बसले. आलमबागेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत अशी पाहुणी क्वचितच यायची. मृणालताई संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होत्या आणि लखनऊच्या मराठी मंडळाचा हस्तलिखित अंक त्याच काढायच्या. ढमाले छावणीतल्या मेसमधले निवृत्त स्वयंपाकी. पाटीवर पहिलं अक्षर गिरवलं तेव्हा त्यांच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. बायको हौसा गेली, दोन दिवाळ्या उलटल्या, आणि मग त्यांनी तिच्यावर ही आयुष्यातली पहिली कथा लिहिली.

"नाही बोलायची," ते म्हणाले. "तिची बोली साताऱ्याकडची, त्यात इथल्या बाजारातली हिंदी. मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका पदराआड हसायच्या. मग तिनं जाणंच सोडलं. कागदावर तरी तिला कुणी हसू नये, म्हणून चांगली भाषा घातली."

मृणालताईंनी कागद मांडीवर ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "पण काका, ह्यात त्या मला भेटतच नाहीत. ही कुणाचीही बायको असेल."

ढमाल्यांना भीती होती ती नेमकी हीच. हौसाचा चेहरा फोटोत सापडायचा, पण तिचा आवाज दिवसेंदिवस विरत चालला होता. तो पुरता जायच्या आत कुठंतरी ठेवावा, म्हणून तर ते लिहायला बसले होते.

"मग करू काय? रश्श्यात मीठ किती ते मला कळतं. ह्याचा अंदाज कसा घ्यायचा?"

"पहिलं पान काढून टाका. चंद्र, चांदणं, नशीब, सगळं. आणि त्यांना नुसतं उभं करू नका, कामाला लावा. हात चालू असले की माणूस बोलतं. बोलतील तसं लिहा. मध्ये पडू नका."

"आणि बायका हसल्या म्हणजे?"

"हसू देत. हसायलाही आधी ऐकावं लागतं. रविवारी येते मी, अंक शिवायला घ्यायचाय."

अठ्ठ्याहत्तर सालची थंडी होती. ढमाले मांडीवर कोरा कागद घेऊन डोळे मिटायचे आणि हौसाला कामाला लावायचे. तिला तांदूळ निवडायला बसवलं, तिनं निवडले. मटार सोलायला दिले, शेंगा पटापट फुटल्या. ओठ मात्र मिटलेले. मध्येच त्यांचा डोळा लागायचा, तेव्हा ती लोकर विणत, पाठमोरी, गल्लीच्या टोकाशी निघून जायची. जागे व्हायचे तेव्हा कागद तसाच कोरा असायचा. हुकूम सोडला म्हणून बोलणारी ती नव्हतीच, हे त्यांना आठवायचं आणि हसूही यायचं.

रविवारी सकाळी समोरचा कडुनिंबही दिसेना इतकं धुकं पडलं. आत सून विनीता रोट्या लाटत होती. ती लखनऊचीच, मराठी समजायची, बोलायची हिंदीच. मृणालताईंची रिक्षा आली का, हे बघायला ढमाल्यांनी दार उघडलं. धुकं उंबरा ओलांडून आत आलं, खाटेखाली शिरलं, चहाच्या वाफेत मिसळलं. ढमाले त्याच्याकडे बघतच राहिले. आणि पोळपाटाच्या आवाजामागून त्यांच्यावर कुणीतरी खेकसलं,

"अवो, त्या कोहऱ्याला काय चाय पाजायची हाय का? दार लावा की! हड्डी गल गई मेरी!"

ढमाले तसेच खाटेवर बसले. पेन्सिल ओढली आणि आलं तसं लिहिलं. 'हाय' तसंच ठेवलं, हिंदीही ठेवली. मग ते वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं, तिच्याच ठसक्यात.

आतलं लाटणं थांबलं. विनीता पिठाच्या हातांनी लगबगीनं बाहेर आली आणि थेट दाराकडे वळली.

"लगा देती हूँ बाबूजी, अम्माजी डाँट रही हैं ना..." म्हणता म्हणता ती थबकली. कडीवरचा हात कडीवरच राहिला.

"रहने दे बेटी," ढमाले म्हणाले. "थोड़ी देर खुला ही रहने दे."

पेन्सिलीचं टोक त्यांनी पुढच्या ओळीवर टेकवून धरलं होतं.